काळं ऑइल, सोनेरी ऑइल

(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘माझा व्यवसाय’. सकाळपासून डॉक्टर बोलले, बँकेतले बोलले, आपली तहसीलदारीणबाई बोलली. मी पस्तीस वर्षं हायवेला गॅरेज चालवतो, एवढ्या एका वाक्यात माझा व्यवसाय संपतो. म्हणून मी त्यातली एकच गोष्ट घेऊन आलोय. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला ज्याचे सगळ्यात जास्त फोटो येतात ती. डिपस्टिकचा फोटो, आणि खाली प्रश्न: “ऑइल काळं झालंय. इंजिन गेलं का?”

हसू नका. हा प्रश्न साधा नाही. आपल्यातले निम्मे रिटायर झालेत, बाकीचे होतील. मुलं पुण्याला, बंगळुरूला, काहींची त्याच्याही पलीकडे. दारात जी गाडी उभी आहे ती बारा-पंधरा-अठरा वर्षांची आहे. पंधरा वर्षं झाली की आर.टी.ओ.कडे नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, ती पुढच्या पाच वर्षांसाठी मिळते, आणि त्या सुमाराला प्रत्येकाच्या मनात येतं, ठेवावी की काढावी? तेव्हा कुणीतरी बॉनेट उघडतो, डिपस्टिक ओढतो, बोटाला ऑइल लावून नाकापाशी नेतो आणि मान हलवतो. त्या मान हलवण्यावर लाख-सव्वा लाखाचे निर्णय होतात. इंजिन खोलायचा खर्च तरी होतो, नाहीतर चांगली गाडी भंगाराच्या भावात जाते. म्हणून त्या काळ्या थेंबाबद्दल मला जे माहीत आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट. ऑइल काळं होणं हा रोग नाही. बहुतेक वेळा तो ऑइल आपलं काम करत असल्याचा पुरावा असतो.

इंजिनात ऑइल फक्त वंगण म्हणून नसतं. ते पिस्टनखालची, बेअरिंगमधली उष्णता वाहून नेतं. रिंग आणि बोअर यांच्यातली फट बंद करतं. गंज लागू देत नाही. आणि ते धुलाई करतं. साबणात जसा मळ सोडवणारा घटक असतो तसेच ऑइलमध्येही असतात. ते काजळी सोडवतात आणि तिचे कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नये म्हणून वेगवेगळे तरंगत ठेवतात. धुणं धुतल्यावर बादलीतलं पाणी काळं झालं तर आपण साबणाला नावं ठेवत नाही. पूर्वी साधं ऑइल मिळायचं, त्यात हे घटक नसायचे. ते बरेच दिवस स्वच्छ दिसायचं. कारण घाण ऑइलमध्ये न येता इंजिनाच्या आत थर धरून बसायची.

डिझेल गाडीचं ऑइल तर बदलल्यावर दोन-चारशे किलोमीटरमध्येच काळं होतं. डिझेलची फवारणी होते तेव्हा फवाऱ्याच्या गाभ्यात हवा पुरेशी पोचत नाही, तिथे काजळी धरते, आणि त्यातली थोडी रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरते. नव्या गाडीतही हेच होतं, जुन्या गाडीत जरा जास्त होतं. पेट्रोल गाडीचं ऑइल सावकाश रंग बदलतं. आधी मधासारखं, मग चहासारखं, तीन-चार हजार किलोमीटरनंतर काळपट. आणि सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचं ऑइल हजारो किलोमीटर झाले तरी जवळपास नव्यासारखं दिसतं, कारण गॅस जळताना काजळी फारशी धरतच नाही.

इथेच लोक फसतात. सीएनजीवाला मला म्हणतो, “अजून स्वच्छ आहे की, कशाला बदलायचं?” रंग स्वच्छ आहे, पण ऑइल तापून तापून जुनं झालेलं असतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे, ज्वलनातून येणाऱ्या नायट्रोजनच्या वायूंमुळे ते आतून बदलतं, घट्ट होत जातं, त्यातले उपयोगी घटक संपतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणजे डिझेलवाला विनाकारण घाबरतो आणि सीएनजीवाला विनाकारण निवांत राहतो.

आपल्याच सरांपैकी एकांची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, ते इथेच बसलेत आणि त्यांनी परवानगी एवढीच दिली आहे. त्यांची डिझेल गाडी, चौदा वर्षांची. काकूंना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे गाडी ही चैन नाही. एका ठिकाणी सर्व्हिसिंगला दिली. तिथल्या मुलाने डिपस्टिक दाखवली आणि सांगितलं, ऑइल जळालंय, इंजिन खोलावं लागेल, नाहीतर आत्ताच विका, गिऱ्हाईक मी देतो. सर रात्री मला फोन करून म्हणाले, “अरे, चौदा वर्षांत कधी ऑइलची तारीख चुकवली नाही मी.”

दुसऱ्या दिवशी मी गाडी बघितली. ऑइल बदलून बाराशे किलोमीटर झाले होते, म्हणजे काळं असणारच. लेव्हल जिथे पाहिजे तिथे. टॅपेट कव्हरवरचं झाकण उघडून आत बॅटरी मारली, आतला धातू तपकिरी पण स्वच्छ, कुठे गाळ नाही. सायलेन्सरमधून निळा धूर नाही. कूलंटची पातळी महिनाभर तीच, कारण सरांनी ती वहीत लिहून ठेवली होती. आता गणिताचे सर म्हटल्यावर लिहिणारच. त्या गाडीला फक्त एअर फिल्टर लागत होता. तीन वर्षं झाली, आजही सर त्याच गाडीतून आलेत.

त्या दिवशी मी सरांना आणखी एक गोष्ट करून दाखवली, ती तुम्हालाही सांगतो, कारण ती आपण शाळेत शिकलोय. आठवतंय का, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गाळणकागदावर शाईचा ठिपका ठेवायचो आणि पाणी चढत गेलं की शाईतले रंग वेगळे व्हायचे? ऑइलचंही तसंच करता येतं. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून ऑइल ढवळलं जाऊ द्या, बंद करा, डिपस्टिकच्या टोकाचा एक थेंब गाळणकागदावर सोडा. गाळणकागद नसेल तर जाड टीपकागद चालतो. कागद खाली टेकू देऊ नका, वाटीच्या काठावर ठेवा. आणि रात्रभर विसरून जा.

सकाळी बघा. काळा रंग मधून कडेपर्यंत हळूहळू फिका होत पसरलेला असेल, राखाडी वर्तुळ एकसारखं असेल, तर ऑइल कितीही काळं असो, काजळी तरंगत ठेवायची त्याची ताकद शाबूत आहे. पण मध्ये काळा घट्ट ठिपका, त्याची कड पेनाने आखल्यासारखी, आणि बाहेर नुसती पिवळी तेलकट कड, असं दिसलं तर ताकद संपली. काजळी आता गोळा व्हायला लागली आहे, ऑइल लगेच बदला. ठिपक्याची कड करवतीसारखी दातेरी झाली तर पाण्याचा संशय घ्या. आणि अगदी बाहेर रुंद, फिकं, पातळ कडं पसरलं असेल तर इंधन मिसळतंय का ते बघा. प्रयोगशाळेतल्या तपासणीची सर याला नाही, पण नाकाने वास घेऊन मान हलवणाऱ्यापेक्षा हा कागद कितीतरी प्रामाणिक आहे.

आता खऱ्या धोक्यांकडे येतो. पहिला म्हणजे दुधाळ ऑइल.

डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं, फेसाळ, फिकट तपकिरी, तर त्यात पाणी आहे. हे पाणी येतं कुठून, हा खरा प्रश्न. बऱ्याचदा हेड गॅसकेट गेलेली असते. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये ही गॅसकेट असते, आणि तिच्यातूनच ऑइलच्या आणि कूलंटच्या वाटा शेजारी शेजारी जातात. गाडी एकदा जोरात तापली की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅसकेट सैल पडते आणि दोन्ही वाटा एक होतात. कधी हेडला चीर असते, कधी ऑइल कूलर फुटलेला असतो. कारण काहीही असो, पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला आधार देत नाही. अशी गाडी “गॅरेजपर्यंत नेतो हळूहळू” म्हणून चालवली तर हेडच्या कामाचं रूपांतर क्रँकच्या कामात होतं. उभी करा आणि ओढून आणा.

पण झाकणाखाली पांढरं दिसलं म्हणजे हेड गॅसकेट गेलीच, असंही नाही. आपल्या एका मैत्रिणीचं पाचगणीला हॉटेल आहे. तिची पेट्रोल गाडी पावसाळ्याचे चार महिने हॉटेल ते बाजार, बाजार ते हॉटेल, एवढीच फिरते. ऑगस्टमध्ये ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर जमला. तिथल्या मिस्त्रीने हेड काढायची तयारी केली. मी तिला फोनवर सांगितलं, झाकण पुसून घे, कूलंटच्या बाटलीवर पेनाने रेघ मार, आणि पसरणीचा घाट उतरून सातारा गाठ आणि परत जा. परत आल्यावर झाकण जवळपास कोरडं, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ तपकिरी, कूलंट रेघेवरच. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होत राहिलं की ज्वलनातली वाफ आत थंड होऊन झाकणाला धरते. पाचगणी-महाबळेश्वरच्या धुक्यात तर धरतेच. गाडी पूर्ण तापेल अशी आठवड्यातून एकदा चालवली की ती उडून जाते.

हे आपल्या सगळ्यांना लागू आहे. “माझी गाडी कुठे फिरते, देवळापर्यंत” असं जो अभिमानाने सांगतो त्याच्या इंजिनाला घाटात राबणाऱ्या गाडीपेक्षा जास्त त्रास होत असतो. ओलावा आणि आम्ल साठत राहतं. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल किलोमीटरवर नाही, तारखेवर बदला. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते बघा. बहुतेक पुस्तकांत किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, आणि ‘जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. ते शेवटचे चार शब्द कुणी वाचत नाही.

खरी गॅसकेट गेली असेल तर आणखी खुणा असतात. कुठे गळती नसताना कूलंट कमी होतं. गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ थांबत नाही. रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू केलं तर पाण्यात बुडबुडे येतात. हे झाकण थंड इंजिनावरच उघडायचं. गरम रेडिएटर उघडून तोंड भाजलेली माणसं मी बघितली आहेत. आम्ही गॅरेजमध्ये एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकतो. ऑइलमध्ये पाणी असेल तर फोडणीत पाणी पडल्यावर उडतं तसं तडतडतं. हे घरी करू नका, आम्हाला सवय आहे.

पाण्यावरून पुराची गोष्ट आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी भरलं, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला. दोन्ही वेळा माझा फोन रात्रंदिवस वाजत होता, आणि प्रश्न एकच, “पाणी उतरलं, गाडी चालू करून बघू का?” ज्यांनी विचारलं त्यांची इंजिनं बरीचशी वाचली. ज्यांनी आधी किल्ली फिरवली आणि मग विचारलं त्यांची नाही. पिस्टनच्या वर पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि इथे डिपस्टिक फसवू शकते. उभ्या गाडीच्या चेंबरमध्ये पाणी शिरलं तर ते ऑइलपेक्षा जड, त्यामुळे तळाला बसतं. वर ऑइल अगदी छान सोनेरी दिसतं. दुधाळ ते चालू केल्यावर होतं, पण तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून पुरातल्या गाडीचा रंग बघायचा नाही, लेव्हल बघायची. ऑइलची खूण वरच्या रेघेच्या वर गेली असेल तर ते ऑइल वाढलेलं नाही, त्याच्याखाली पाणी आहे. बॅटरी सोडवा, किल्ली खिशात ठेवा, आणि मिस्त्रीला चेंबरचा नट खोलू द्या. आधी पाणी येतं, मग ऑइल. चिपळूणच्या एका गाडीतून मी पाच-सहा मिनिटं नुसतं गढूळ पाणी येताना बघितलंय. मालक शेजारी उभे होते, त्यांचं घरही गेलं होतं. गाडी वाचली तेव्हा ते त्या नटाकडे बघून रडले.

पूर नसतानाही लेव्हल वाढत असेल तर ऑइलचा वास घ्या. जुन्या पद्मिनीला, अ‍ॅम्बेसेडरला इंजिनावर बसवलेला पेट्रोल पंप असायचा. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरायचं. ज्यांनी त्या गाड्या हौसेने जपून ठेवल्या आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. नव्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. तो जाळून साफ करताना जादा डिझेल फवारलं जातं आणि नुसत्या गावातल्या फेऱ्या असतील तर त्यातलं थोडं ऑइलमध्ये मिसळतं. रंग काळाच राहतो, पण ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. बोटांच्या चिमटीत धरून बघा, तार धरतंय की नाही.

बुलेटवाल्यांसाठी एक जादा वाक्य. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटचं ऑइल वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी महिनाभर उभी राहिली तर ते झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. डिपस्टिक रिकामी दाखवते, माणूस वर ऑइल ओततो, आणि चालू केल्यावर ब्रीदरमधून ऑइलचा फवारा पँटवर. आधी चालू करून दोन मिनिटं फिरू द्या, मग मोजा.

आता चमक. ही मला सगळ्यात जास्त घाबरवते.

ऑइल काढताना मी ते पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये काढतो आणि उन्हात धरून हलवतो. त्यात जर चांदीची पूड मिसळल्यासारखी झिलई दिसली तर धातू झिजतोय. चुंबक फिरवतो. चिकटला तर लोखंड, म्हणजे रिंगा, बोअर, कॅम यांच्याकडे बघायचं. नाही चिकटला आणि पांढरट आहे तर अॅल्युमिनियम, म्हणजे बहुधा पिस्टन. आणि तांब्यासारखी लालसर चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा मऊ थर जाऊन खालचा थर उघडा पडलाय. अशी गाडी घाटात बंद पडण्याच्या आधी तुम्हाला फक्त ही एक चिठ्ठी पाठवते. दुसरी खूण येते ती आवाजाची, आणि आवाज आला की क्रँकचं काम ठरलेलं.

चेंबरच्या नटाच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या नकोत. आणि इंजिनाचं काम नुकतंच केलं असेल तर पहिल्या ऑइलमध्ये थोडा धातू येणारच.

हे शास्त्र फार पुढे गेलंय. आपल्यातले दोघं रेल्वेतून रिटायर झालेत, ते सांगतील. डिझेल इंजिनाच्या शेडमध्ये प्रयोगशाळा असते. तिथे ठरावीक दिवसांनी प्रत्येक इंजिनाच्या ऑइलचा नमुना जातो आणि त्यात लोखंड किती, तांबं किती, शिसं किती, सिलिकॉन किती ते मोजतात. एकदा मोजलेल्या आकड्यापेक्षा मागच्या वेळेपेक्षा किती वाढला याकडे त्यांचं जास्त लक्ष असतं. सिलिकॉन म्हणजे धूळ. आणि धूळ ही डोळ्यांना अजिबात न दिसणारी शत्रू आहे. एअर फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसवलेला असेल तर ऊसतोडीच्या हंगामातली फुफाट्याची बारीक धूळ आत जाते आणि बोअर घासून काढते. ऑइलचा रंग तिच्याबद्दल एक अक्षर सांगत नाही. म्हणून माझा आग्रह असतो, ऑइल तपासायला बॉनेट उघडलंच आहे तर एअर फिल्टरचं झाकणही उघडा.

गाळाबद्दल थोडं. झाकण उघडल्यावर आत काकवीसारखा घट्ट काळा थर दिसला तर समजा की ऑइल वेळेवर बदललेलं नाही, डिपस्टिकवर आज काहीही दिसो. हा गाळ सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकला तर पंपाला ऑइल मिळत नाही. मग डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागतो. हा दिवा बहुतेक जुन्या गाड्यांत ऑइल कमी झाल्याचा नसतो, दाब गेल्याचा असतो. “पुढच्या पंपावर बघू” असं म्हणायला वेळ नसतो. रस्त्याच्या कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. अशा गाळ धरलेल्या जुन्या इंजिनात जोरदार फ्लश टाकून एकदम साफ करायच्या फंदातही पडू नका. तो गाळ सुटला की नेमका जाळीवर जातो. चांगलं ऑइल घाला, दोन-तीन वेळा लवकर लवकर बदला, हळूहळू निघेल.

आता सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी, कारण आपली नातवंडं आता शिकायच्या वयात आलीत आणि तुम्ही त्यांच्यासाठी जुनी गाडी बघताय. आपल्या एका मित्राने पुतण्यासाठी गाडी घेतली. अकरा वर्षांची पेट्रोल गाडी, ऑइल मधासारखं सोनेरी. तो खूश. मी त्याला एवढंच विचारलं, “अकरा वर्षांच्या गाडीत सोनेरी ऑइल म्हणजे ते काल बदललंय. काल का बदललं?” तोवर पैसे देऊन झाले होते. झाकणाखाली डांबर होतं. आत घट्ट ऑइल आणि त्यात आवाज दाबायचं औषध ओतलेलं होतं. दोन महिन्यांत इंजिन ठोकायला लागलं. जितके गाडीला दिले जवळपास तितकेच वर घातले.

तेव्हा विकणाऱ्याकडे सोनेरी ऑइल दिसलं तर आनंद नको, चौकशी करा. त्यापेक्षा काळसर ऑइल, स्वच्छ झाकण आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या असलेली गाडी मी डोळे झाकून घेईन. सकाळी इंजिन गार असताना जा, बॉनेटला हात लावून बघा, त्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर कळेल. चालू करताना मागे माणूस उभा करा. पहिल्या झटक्याला निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, तो खर्च फार नाही. चढावर, रेस केल्यावर निळा धूर येतच राहिला तर रिंगा, तो खर्च मोठा. जुनी गाडी थोडं ऑइल पितेच. दोन बदलांच्या मध्ये अर्धा लिटर घालावं लागलं तर मी काही करत नाही, घालतो. दर हजार किलोमीटरला लिटर लागायला लागलं की मग बसून हिशोब करायचा.

बघायची पद्धत तेवढी सांगतो, कारण निम्मे फोटो चुकीचे असतात. गाडी सपाट जागी, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पहिल्यांदा निघालेली वाचायची नाही. वरच्या रेघेपेक्षा जास्त भरू नका. आणि एक छोटी वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, ऑइलची लेव्हल, किती घातलं, कूलंटची रेघ. महिन्यातून एकदा, दोन मिनिटं. सरांची वही नसती तर मलाही त्या दिवशी ठामपणे बोलता आलं नसतं. एकदा बघितलेल्या रंगावरून मी फार थोडं सांगू शकतो. सहा महिन्यांच्या नोंदी असल्या तर बरंच सांगू शकतो, आणि तुम्ही स्वतःही सांगू शकाल.

काढलेलं ऑइल ओढ्यात, गटारात, झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. वापरलेलं ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे, आमच्याकडे ते साठवून परवानाधारकाला देतात. आणि नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा. त्याच डब्यात गाळून भरलेलं जुनं ऑइल परत बाजारात येतं, हा माझा नेहमीचा वैताग आहे.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळ दाखवलंय. जेवणानंतर मी मागच्या मैदानावर, जिथे गाड्या लावल्यात तिथे थांबणार आहे. प्रयोगशाळेतल्या बाईंकडून गाळणकागदाचं एक पाकीट मागून घेतलंय, चुंबक आणि पांढरा ट्रे माझ्या डिकीत आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी गाडी दहा मिनिटं चालू करून ठेवा आणि कागदावर मागच्या बाजूला पेन्सिलने नाव आणि किलोमीटर लिहा. कागद घरी न्यायचा आणि उद्या सकाळी बघायचा. फोटो ग्रुपवर टाका, पण एक एक करून. आणि लांबचे जे परत घाट चढणार आहेत, त्यांनी आधी या.